ऊनी प्रोब: साइट बंद पडली की बंद केली, हे ओळखणारं फुकट ॲप

काहिऱ्यातून ‘मदा मस्र’ उघडायला गेलं, तर ‘ही साइट सरकारी आदेशाने बंद आहे’ अशी पाटी येत नाही. कनेक्शन रीसेट झाल्याचं ब्राउझर सांगतो, किंवा चाक फिरत राहतं आणि काही वेळाने तो हात टेकतो. लीना अत्तालाह यांच्या संपादनाखाली २०१३ मध्ये सुरू झालेली, अरबी आणि इंग्रजी दोन्हींत निघणारी ही बातम्यांची साइट इजिप्तमध्ये २४ मे २०१७ पासून अडवलेली आहे. त्या दिवशी २१ साइट अडवल्याचं सरकारी वृत्तसंस्थेने सुरक्षा खात्यातल्या सूत्राच्या हवाल्याने दिलं. आदेश कुणी काढला, कोणत्या कलमाखाली, याचा कागद काही वाचकांपुढे आला नाही.

अशा ठिकाणी ब्लॉग चालवणाऱ्याला सगळ्यात आधी छळणारा प्रश्न तांत्रिकच असतो. सर्व्हर पडलाय, होस्टिंगचे पैसे भरायचे राहिलेत, की कुणीतरी मधेच दार लावलंय? ‘तुमची साइट चालू आहे का’ हे तपासून देणाऱ्या वेबसाइटचा इथे उपयोग नाही. त्या अमेरिका-युरोपातल्या आपल्या सर्व्हरवरून तपासतात आणि ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळ्या होतात. तपासणी व्हायला हवी ती वाचकाच्याच नेटवर्कवरून. ऊनी प्रोब तेवढंच करतं आणि बऱ्यापैकी नीट करतं.

ट्युनिशियात हुकूमशहा बेन अलींच्या काळात तर हा गोंधळ मुद्दाम घातला जायचा. ‘स्मार्टफिल्टर’ या सॉफ्टवेअरने साइट अडवायची आणि वाचकापुढे ‘४०४, पान सापडलं नाही’ असं, इंटरनेट एक्स्प्लोररच्या नेहमीच्या पानासारखं दिसणारं बनावट पान टाकायचं. तिथल्या ब्लॉगर मंडळींनी या न दिसणाऱ्या सेन्सॉरचं बारसंच केलं: ‘अम्मार ४०४’. चेष्टा झकास होती, पण कुणाही वाचकाच्या फोनवर चालेल असं मोजमापाचं साधन तेव्हा नव्हतं. ऊनी (OONI) हा इंटरनेटमधले अडथळे मोजणारा प्रकल्प २०१२ मध्ये टॉर या ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या प्रकल्पाच्या छताखाली सुरू झाला आणि फोनवरचं ॲप फेब्रुवारी २०१७ मध्ये आलं, म्हणजे इजिप्तच्या मोठ्या बंदीच्या तीन-साडेतीन महिने आधी.

ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज आणि मॅक यांवर चालतं, लिनक्सवर कमांड लाइनमधून. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरखेरीज एफ-ड्रॉइडवरही मिळतं. ॲपमधला मजकूर अरबीतही आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनापासून आवडते. पहिल्यांदा उघडल्यावर ॲप धोक्याच्या सूचना देतं आणि मग दोन प्रश्नांची छोटी परीक्षा घेतं: तुमच्या इंटरनेटवर कुणी नजर ठेवून असेल तर तुम्ही हे ॲप वापरताय हे त्याला कळेल का, आणि तुमचे निकाल आपोआप जाहीर होतात का. दोन्हींचं उत्तर ‘हो’. चुकलात तर ते पुन्हा समजावून सांगतं. ‘मान्य आहे’वर बोट ठेवून पुढे पळायची आपल्याला लागलेली सवय इथे मोडते, आणि अरब देशांत ती मोडलेलीच बरी. का ते पुढे.

चाचण्यांचे गट चार-पाच आहेत, पण कामाचा खरा एकच: वेबसाइट. कोणत्या साइट तपासायच्या ती यादी टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने सुरू केलेल्या याद्यांमधून येते. एक जागतिक यादी आणि एक त्या-त्या देशाची. हाताने ‘रन’ दाबलं की ही चाचणी मुळात ९० सेकंदांवर थांबते. संथ एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरच्या) लाइनवर तेवढ्यात मोजक्याच साइट उरकतात. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन वेळेची मर्यादा काढा किंवा वाढवा, नाहीतर तुम्हाला हवी ती साइट यादीत असूनही तपासली जाणार नाही आणि तुम्ही मात्र ‘सगळं हिरवं’ म्हणून निर्धास्त व्हाल.

आपली नेमकी साइट तपासायची असेल तर वेबसाइटच्या गटात पत्ते स्वतः टाकायची सोय आहे. तिथे एकच पत्ता टाकून थांबू नका. एचटीटीपीएस (कुलूपबंद) आणि साधा एचटीटीपी, तीन डब्ल्यूंसह आणि त्यांच्याविना, असे चारही टाका. अडवणारी यंत्रं नावावर चालतात आणि चारही रूपांना सारखंच वागवतीलच असं नाही. बंदी चुकवायला आरशी पत्ता (तीच साइट दुसऱ्या पत्त्यावर) किंवा नवं डोमेन घेतलं असेल तर तेही टाका. जॉर्डनने २ जून २०१३ रोजी नोंदणी न केलेल्या २९१ साइट अडवल्या, त्यात ‘हिबर’ ही ऑनलाइन पत्रिका होती. ती नवं डोमेन घेऊन परतली, तर पुढे तेही अडवलं गेलं. इजिप्तमध्ये फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलच्या एएमपी पानांनाच (गूगलच्या सर्व्हरवर ठेवलेल्या, साइटच्या पानांच्या हलक्या प्रतींना) अडथळा आला, कारण अडवलेल्या साइटची पानं त्या वाटेने वाचता येत होती. पळवाटाही वेळोवेळी तपासाव्या लागतात त्या यासाठीच.

आता एक निकाल उघडून पाहू. टेलिकॉम इजिप्तच्या टीई डेटा या इंटरनेट कंपनीच्या (एएस ८४५२, म्हणजे त्या नेटवर्कचा ओळख-क्रमांक) घरगुती लाइनवर अडवलेल्या साइटचा निकाल साधारण असा दिसतो. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी आयपी पत्ता शोधणारी यंत्रणा): सुसंगत, म्हणजे नावाचा आयपी पत्ता खराच मिळाला. टीसीपी: जोडणी झाली, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे आणि तिथवर वाट मोकळी आहे. त्यानंतर टीएलएसची (मजकूर गुप्त करणाऱ्या व्यवस्थेची) पहिली हाक जाते, आणि तिच्यात साइटचं नाव उघड लिहिलेलं असतं, बंद पाकिटावर पत्ता असतो तसं. आतला मजकूर वाचता येत नाही, पण पत्ता वाचायला पाकीट फोडावं लागत नाही. मधे बसलेलं डीपीआय (येणाऱ्या-जाणाऱ्या डेटात डोकावणारं) यंत्र ते नाव वाचतं आणि दोन्ही बाजूंना ‘जोडणी तोडा’ असा खोटा संदेश पाठवतं किंवा नुसतं गप्प बसतं. निकालात ओळ उमटते ‘कनेक्शन रीसेट’ किंवा ‘टाइमआउट’, आणि वर शेरा: एचटीटीपी फेल्युअर. त्याच वेळी ऊनीचा परदेशातला मदतनीस सर्व्हर तीच साइट उघडतो. त्याला ती मिळाली आणि तुम्हाला नाही, तर ‘विसंगती’ नोंदली जाते. सर्व्हर खरोखर पडलेला असता तर मदतनीसालाही तो मिळाला नसता. ॲपचा सगळा जीव या तुलनेत आहे.

ऊनी आणि काहिऱ्यातली ‘एएफटीई’ ही अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी काम करणारी संस्था यांनी जुलै २०१८ मध्ये इजिप्तचा अहवाल काढला, तो अशाच मोजणीवर उभा आहे. सातत्याने विसंगती दाखवणारे १७८ पत्ते त्यात आहेत आणि त्यांतले शंभरावर बातम्यांच्या माध्यमांचे. त्याच वर्षी मार्चमध्ये सिटिझन लॅबने टेलिकॉम इजिप्तच्या जाळ्यात ‘सँडव्हाइन’ कंपनीची पॅकेटलॉजिक ही डीपीआय यंत्रं असल्याचं दाखवलं होतं. तीच यंत्रं काही वापरकर्त्यांना जाहिरातींकडे आणि क्रिप्टो-चलन खोदणाऱ्या पानांकडेही वळवत होती. सेन्सॉरशिपच्या यंत्रावर वरकमाईचा धंदा!

तक्रार आहे ती निकालांच्या रंगांबद्दल. निकालांचं सार्वजनिक दालन म्हणजे ऊनी एक्सप्लोरर. तिथे हिरवा म्हणजे ठीक, पिवळसर म्हणजे विसंगती, लाल म्हणजे बंदी पक्की आणि करडा म्हणजे चाचणीच फसली. लाल कधी होतं? अडवणाऱ्याने ‘ही साइट बंद आहे’ असं पान दाखवलं, किंवा डीएनएसने अशा पानाच्या ओळखीच्या पत्त्यावर नेलं, आणि त्याचा ठसा ऊनीच्या संग्रहात असला तर. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती असं पान राजरोस दाखवत आल्या आहेत, त्यामुळे त्यांचे तक्ते लाल दिसतात. इजिप्त पान दाखवत नाही, नुसती जोडणी तोडतो, म्हणून त्याचा तक्ता वर्षानुवर्षं पिवळाच. घाईत पाहणारा पत्रकार ‘इजिप्तमध्ये नुसती शंका आहे, सौदीत खात्री’ असा अर्थ काढतो. प्रत्यक्षात शेकडो मोजण्या एकच गोष्ट सांगत असतात. रंगांमागची शास्त्रीय सावधगिरी पटते, पण गुपचूप अडवणाऱ्याला तिचा आयता फायदा मिळतो. पिवळ्याच्या पोटात ‘महिनोन्महिने, अनेक नेटवर्कवर, एकाच प्रकारची विसंगती’ अशी वेगळी छटा हवी होती. एचटीटीपीएसवर प्रमाणपत्राची चूक आल्याशिवाय असं पान दाखवताच येत नाही, त्यामुळे हा प्रश्न वाढतच जाणार.

उलट बाजूही आहे: पिवळा दिसला म्हणून लगेच ‘बंदी!’ अशी पोस्ट टाकू नका. खोटे इशारे नेहमीचेच आहेत. मोठ्या सीडीएनवरची (साइटच्या प्रती देशोदेशी ठेवणाऱ्या सेवेवरची) साइट प्रत्येक देशात वेगळा आयपी देते, त्यामुळे डीएनएस ‘विसंगत’ दिसू शकतं. काही साइट स्वतःच काही देशांना दार बंद ठेवतात. काही साइट ऊनीच्या मदतनीसालाच रोबो समजून हाकलतात. मेट्रोत किंवा लिफ्टमध्ये नेटवर्क तुटलं की टाइमआउट येतोच. म्हणून किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेटवर्क घ्या, घरची लाइन एक आणि मोबाइल डेटा एक, आणि दोन-तीन दिवसांत वेगवेगळ्या वेळी चाचणी घ्या. प्रत्येक वेळी त्याच टप्प्यावर तीच चूक येत असेल तर बोला.

चाचणीआधी व्हीपीएन बंद हवा. चालू असेल तर ॲप हटकतं, कारण मोजलं जातं ते व्हीपीएनचं नेटवर्क, तुमचं नाही. दुसरी अडचण मात्र चटकन लक्षात येत नाही: अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’. ते चालू असेल तर नावाचा शोध कंपनीच्या डीएनएसला वळसा घालून जातो आणि तिथे केलेली फेरफार निकालात येतच नाही. मोजणीपुरतं ते बंद करा, नंतर आठवणीने चालू करा.

आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी व्हॉट्सॲपच्या चाचणीबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बोटिमसारखी परवानाधारक ॲप वापरूनच घरी बोलावं लागतं. तिथे ऊनीची व्हॉट्सॲप चाचणी घेतली तर ती बहुधा हिरवी येईल. कारण ही चाचणी व्हॉट्सॲपच्या सर्व्हरपर्यंत पोचता येतं का, नोंदणीची सेवा आणि वेब आवृत्ती मिळते का, एवढंच बघते. कॉल लावून पाहत नाही. ‘व्हॉट्सॲप: ठीक’ हे वाचून ॲपला खोटं ठरवू नका, त्याने तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

डेटा किती खर्च होतो? ॲपच्याच अंदाजाने वेबसाइटच्या चाचणीला सुमारे ८ एमबी आणि मेसेजिंगच्या चाचणीला एकाहून कमी. वेगाची आणि व्हिडिओची चाचणी मात्र ५ पासून २०० एमबीपर्यंत खाऊ शकते. मोजून डेटा विकत घेणाऱ्याने ती सरळ वगळावी, सेन्सॉरशिपशी तिचा संबंध थोडाच. आपोआप चाचणीची सोय आहे आणि ती फक्त वायफायवर, फक्त चार्जिंगला लावल्यावर चालेल असं ठरवता येतं.

आता धोका. सुरुवातीच्या परीक्षेत तेच विचारलं होतं. निकालासोबत देश, वेळ आणि नेटवर्कचं नाव-क्रमांक जाहीर होतात. आयपी पत्ता जाहीर होऊ नये याची काळजी घेतली जाते. पण तुमच्या कंपनीचा किंवा विद्यापीठाचा स्वतःचा एएस क्रमांक असेल तर ऑफिसच्या वायफायवरून घेतलेली चाचणी त्या संस्थेच्या नावानिशी जगाला दिसते. आखातातल्या मोठ्या कंपन्यांत हे सहज घडू शकतं. ऑफिसात ॲप उघडूच नका.

यादीतल्या साइट हा दुसरा धोका. तपासणीच्या यादीत जुगार, अश्लील मजकूर, समलिंगी हक्क, सरकारविरोधी गट असं सगळं असतं आणि चाचणी घेताना तुमचा फोन त्या पत्त्यांवर खरोखर जातो. सेटिंगमध्ये वेबसाइटच्या प्रकारांची यादी आहे. अमिराती, सौदी किंवा ओमानमध्ये असाल तर नको ते प्रकार आधी बंद करा, मगच पहिली चाचणी. सेन्सॉरशिप चुकवण्याच्या साधनांचा गटही वगळा: त्यातली सायफॉनची चाचणी सायफॉनचा बोगदा खरोखर सुरू करून बघते. अमिरातींच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलण्याला ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. चाचणी म्हणजे गुन्हा नव्हे, हे खरं. पण तो वाद तुम्हाला पोलीस ठाण्यात घालायचा नाहीये. मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना तिथे २०१८ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली ती समाजमाध्यमांवर लिहिल्यामुळे, हे लक्षात असू द्या.

इजिप्तमध्ये चित्र वेगळं. तिथल्या २०१८ च्या १८० क्रमांकाच्या माध्यम कायद्याने ५,००० हून जास्त अनुयायी असलेलं वैयक्तिक खातं किंवा ब्लॉगही नियामक परिषदेच्या कक्षेत आणला, आणि त्याच वर्षीच्या १७५ क्रमांकाच्या सायबर कायद्याने साइट अडवायला लेखी आधार दिला. शिवाय २०१९ च्या निदर्शनांच्या वेळी काहिऱ्याच्या रस्त्यांवर पोलीस लोकांचे फोन उघडून बघत होते. निकालांची जुनी यादी फोनमध्ये साठून राहते, ती ॲपमधून पुसता येते. निकाल ऊनीकडे अपलोड झाले की पुसा, आणि मोर्चाच्या दिवसांत ॲपच काढून ठेवा. वर गेलेल्या नोंदींना त्याने काही होत नाही.

ॲप न बसवताही या साठ्याचा उपयोग करता येतो, आणि बऱ्याच जणांसाठी तोच मार्ग शहाणपणाचा. एक्सप्लोररमधलं आलेखाचं साधन उघडा, देश इजिप्त, चाचणी वेब कनेक्टिव्हिटी, डोमेन तुम्हाला हवं ते, तारखा भरा. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्यावर एएस क्रमांक ठेवा. ८४५२ टीई डेटाचा, ३६९३५ व्होडाफोन इजिप्तचा. अमिरातींसाठी ५३८४ एतिसलातचा आणि १५८०२ डूचा. कोणत्या कंपनीने कोणत्या दिवसापासून अडवायला सुरुवात केली ते ओळीओळीने दिसतं. पुण्या-मुंबईत बसून काहिऱ्याबद्दल लिहिणाऱ्याला याहून भक्कम आधार क्वचितच मिळेल. (आपल्याकडच्या मोजण्याही तिथेच आहेत. दूरसंचार विभागाच्या निर्देशांनी पत्ता अडवल्याचं इंग्रजी पान भारतातल्या काही कंपन्या दाखवतात, म्हणून आपल्याही तक्त्यात लाल भरपूर.)

जिथे इंटरनेटच बंद होतं तिथे हे ॲप निरुपयोगी. २७-२८ जानेवारी २०११ च्या रात्री इजिप्तने केलं तसं किंवा परीक्षांच्या काळात इराक करतो तसं पूर्ण बंद असेल, तर तपासायला जोडणीच नसते. त्यासाठी देशोदेशीच्या इंटरनेट बंदवर नजर ठेवणाऱ्या आयोडा किंवा क्लाउडफ्लेअर रडार या साइट बघा.

पाचपैकी चार तारे. अर्धा तारा रंगांसाठी कापला. उरलेला अर्धा या गोष्टीसाठी की छोटा ब्लॉग यादीत नसेल तर त्याची बंदी कुणालाच दिसत नाही. यावर उपाय मात्र आहे. ऊनीच्या याद्यांच्या पानावर जाऊन आपल्या देशाच्या यादीत पत्ता सुचवता येतो, आणि ‘ऊनी रन’मध्ये ईमेलने शिरून आपल्या पत्त्यांचा एक दुवा बनवता येतो. तो दुवा वाचकांना पाठवायचा. त्यांनी ॲप असलेल्या फोनवर उघडला की फक्त तेच पत्ते तपासले जातात, बाकीची जोखमीची यादी नाही. नवख्या वाचकाला देण्याजोगी सगळ्यात सुरक्षित वाट हीच.

हे काम साइट सुरळीत चालू असतानाच करून ठेवा. दोन कंपन्यांच्या नेटवर्कवरून आठवड्याला एक चाचणी पुरते. बंदीनंतर पहिली चाचणी घेतलीत, तर आधी त्याच नेटवर्कवर साइट उघडत होती हे दाखवणारी एकही हिरवी नोंद तुमच्याकडे नसते.